मोनोस्कीवरील बाइंडिंगची घरगुती जोडणी : एक यांत्रिक विवेचन

बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळात सामान्यतः प्रत्येक पायास एक याप्रमाणे दोन स्की वापरतात. मोनोस्कीमध्ये मात्र दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर, परस्परांस समांतर व अग्राभिमुख असे जखडलेले असतात. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील लाटांवरचा खेळाडू माइक डॉयल ह्याने अमेरिकेत ह्या साधनाचा प्रसार केला, व १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतात त्यास विशेष लोकप्रियता लाभली. पुढे स्नोबोर्डच्या प्रसारामुळे तिचा वापर ओसरला. जे थोडे लोक आजही ती वापरतात, त्यांपैकी कित्येकांना बूट धरून ठेवणारे बाइंडिंग घरीच जोडावे लागते. ह्याचे एक कारण यांत्रिक आहे. दुकानात छिद्रे पाडण्यासाठी जो साचा असतो, तो स्कीच्या दोन्ही कडांना पकडून आपोआप तिच्या मध्यरेषेवर स्थिर होतो. मोनोस्की ह्या साच्यासाठी फार रुंद असते; शिवाय तिच्यावरील दोहोंपैकी एकही बाइंडिंग मध्यरेषेवर नसते.

बाइंडिंगची कार्ये दोन असून ती परस्परविरोधी आहेत : बूट घट्ट धरणे, आणि नडगी वा गुडघा दुखावण्यापूर्वी तो सोडून देणे. हियाल्मार व्हाम ह्या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन खेळाडूचा पाय १९३७ साली मोडला. त्या अनुभवातून त्याने बूट सोडणारे बाइंडिंग सिद्ध केले. आजच्या बाइंडिंगमध्ये पुढील भाग पिळाच्या वेळी बाजूस वळून बूट सोडतो, तर मागील भाग शरीर पुढे कोसळताना टाच वर उचलू देतो. ह्या दोन्ही क्रिया स्प्रिंगच्या ताणावर अवलंबून असतात.

येथे तरफेचा साधा नियम लागू पडतो. टाचेभोवती ४८ न्यूटन-मीटर परिबल झाले असता बूट सुटावा, असे उदाहरणादाखल मानू. टाचेपासून टोकापर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर असेल तर टोकाशी १६० न्यूटन बल पडेल. ३२० मिलिमीटर असेल तर १५० न्यूटनच पडेल. म्हणून स्प्रिंगचा अंक ठरविताना वजन, उंची, वय व खेळण्याची पद्धत ह्यांच्या जोडीला बुटाच्या तळाची लांबीही विचारात घेतात. आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या ११०८८ क्रमांकाच्या प्रमाणात ह्यासाठी कोष्टक दिलेले आहे.

परंतु ह्या कोष्टकामागे प्रत्येक पायास स्वतंत्र स्की आहे हे गृहीत आहे. मोनोस्कीवर पिळाचा भार दोन पायांत विभागला जातो, आणि ही विभागणी क्वचितच समान असते. अधिक भाराचा बूट आधी सुटला, तर रुंद फळीचे सारे जडत्व व बर्फाचा रेटा उरलेल्या एकाच गुडघ्यावर येतो. मोनोस्कीचा खरा धोका हाच होय. म्हणून दोन्ही बाइंडिंगे एकाच प्रकारची, एकाच स्थितीतील व सारख्या ताणावर ठेवलेली असणे अगत्याचे आहे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. प्रथम फळीची रुंदी तीनचार ठिकाणी मोजून प्रत्येक ठिकाणचा मध्य काढावा व ताणलेल्या दोऱ्याने ते मध्य जोडावेत. नंतर निर्मात्याने दर्शविलेल्या स्थानी मध्यरेषेला काटकोनात आडवी रेषा आखावी. बुटाच्या बाजूस तळाच्या मध्याची खूण असते; दोन्ही बुटांच्या खुणा ह्या आडव्या रेषेवर आल्या पाहिजेत. बुटांचे अक्ष मध्यरेषेस समांतर हवेत. ३०० मिलिमीटर लांबीच्या तळात टोक २ मिलिमीटर सरकले, तर सुमारे ०.४ अंशाचा कोन होतो. स्वतंत्र स्कीवर पाय हा कोन वळून भरून काढतो. येथे पाऊल स्थिर असल्याने तो वर गुडघ्याकडे जातो.

बुटांमधील अंतर हा दुसरा निर्णय. पाय जितके जवळ, तितका फळीच्या कडांवरील ताबा सुलभ. तथापि बूट एकमेकांस चिकटले, तर आतल्या बाजूस सुटू पाहणारा बूट शेजारच्या बुटास अडतो व बाइंडिंगचे कार्यच खुंटते. म्हणून कागदी साचा फळीवर चिकटवून, बाइंडिंगमध्ये बूट घालून, प्रत्येक टोक दोन्ही बाजूंस मोकळे फिरते की नाही हे छिद्र पाडण्यापूर्वीच पाहावे. बाइंडिंगच्या ब्रेकचीही येथे अडचण होते. त्याचा आतील दांडा फळीवरच टेकतो, बर्फात उतरत नाही. म्हणून ब्रेक काढून फळी पायास सुरक्षादोरीने बांधतात.

छिद्राचा व्यास सामान्यतः ३.५ मिलिमीटर असतो. वरच्या थरात धातू असल्यास ४.१. पुष्कळदा हा अंक फळीवरच छापलेला असतो. खोली सुमारे ९ मिलिमीटर ठेवावी व ड्रिलच्या पात्यावर अटकावाची कडी बसवावी. अन्यथा पाते तळ फोडून बाहेर येते. नवे छिद्र जुन्यापासून निदान १० मिलिमीटर दूर असावे. भुसा झाडून छिद्रात पाण्यास दाद न देणाऱ्या लाकडी सरसाचा थेंब सोडावा; त्यायोगे स्क्रू सुलभतेने फिरतो व गाभ्यात ओल शिरत नाही. स्क्रू हातानेच, कर्णाच्या क्रमाने आवळावेत. शेवटी बूट घालून, मागील भागाचा पुढे रेटणारा दाब दर्शकावरील खुणांमध्ये येईल असा जुळवावा. हा दाब चुकला तर स्प्रिंगवरील अंक निरर्थक ठरतो.

येथपर्यंतचे काम पट्टी, दोरा व संयम ह्यांनी साधते. परंतु बूट प्रत्यक्षात किती परिबलास सुटतो, हे पट्टीने कळत नाही. जुन्या बाइंडिंगमध्ये झीज व घर्षण ह्यांमुळे दर्शकावरील अंक व प्रत्यक्ष बल ह्यांत तफावत पडते, आणि दोन बाइंडिंगांची तफावत भिन्न असली की उपरोक्त धोका पुन्हा उभा राहतो. म्हणून जोडणी घरी केली, तरी चारही भागांची चाचणी मापकयंत्रावर करून घ्यावी, आणि उजव्याडाव्या बाजूंची मापे जुळल्याखेरीज ती फळी बर्फावर नेऊ नये.