रोमेनचा गाभा करपतो कशाने?

प्रतिनिधी, पुणे

सीझर सॅलडमध्ये येणारा लांबट, उभ्या पानांचा, कुरकुरीत पाला म्हणजे रोमेन लेट्यूस. पंचतारांकित हॉटेलांच्या स्वयंपाकघरातून ही भाजी आता मॉलच्या शीतकपाटात आणि गच्चीवरील कुंड्यांतही येऊन पोहोचली आहे. महाबळेश्वर-पाचगणी आणि पुण्याच्या परिसरातील हरितगृहांत तिची लागवड होते. मात्र ही भाजी लावणाऱ्यांना एक विचित्र अनुभव हमखास येतो. गड्डा बाहेरून टवटवीत दिसतो. कापल्यावर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी निघतात. कीड नाही, रोग नाही, खतेही वेळेवर दिलेली. तरीही दोन महिन्यांची मेहनत बाजारात कवडीमोल ठरते. याचे मूळ बहुतेक वेळा हवेत असते.

रोमेनला दिवसा १८ ते २४ अंश सेल्सिअस आणि रात्री १० ते १५ अंश तापमान मानवते. पुण्याचा डिसेंबर रात्रीपुरता या चौकटीत बसतो. दुपारचा पारा मात्र तेव्हाही तिशीच्या आसपास जातो, म्हणून शेडनेटची सावली लागते. बी रुजण्यासाठी १५ ते २० अंश उत्तम. २८-३० अंशांच्या वर ते मरत नाही, नुसते झोपी जाते आणि दोष बियाण्याच्या पाकिटाला दिला जातो. पेरणी संध्याकाळी करून ट्रे रात्रभर थंड जागी ठेवला, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. पुढे दिवस मोठा आणि उष्ण झाला की, कांद्याला डेंगळे यावेत तसा रोमेनच्या मधून दांडा उंचावतो, पांढरा चीक वाढतो आणि पाने कडू होतात. लेट्यूसच्या 'लॅक्टुका' या शास्त्रीय नावाचे मूळही या दुधासारख्या चिकातच आहे; लॅटिनमध्ये 'लॅक' म्हणजे दूध.

हवामानाचा हा हट्ट अमेरिकेने स्थलांतर करून पुरवला आहे. उन्हाळ्यात लेट्यूस पिकते ते कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात, कारण मॉन्टेरे उपसागरावरून येणारे धुके तेथील दुपार थंड ठेवते. थंडीत हा सारा पसारा अॅरिझोनाच्या वाळवंटातील युमा येथे हलतो. तेथे सप्टेंबरच्या उन्हात पेरणी करताना, तापलेली माती थंड व्हावी म्हणून तुषार सिंचन करावे लागते.

आर्द्रतेचे गणित याहून अवघड. सर्वसाधारणपणे ५० ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. पण हा आकडा एकटा वाचला तर फसवतो. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशांची सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे ६० टक्के आर्द्रतेला थंड हवेत आणखी ७ ग्रॅम वाफेला जागा उरते, तर गरम हवेत १२ ग्रॅमला. आर्द्रतामापकावर आकडा तोच, पण पानातून पाणी ओढण्याची हवेची भूक जवळपास पावणेदोन पट.

करपलेल्या गाभ्याचे रहस्य येथेच आहे. पेशीभित्ती बळकट करणारे कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वाहते आणि पाणी जेथून जास्त उडते तिकडे जाते. कोरड्या, गरम हवेत बाहेरची मोठी पाने ते स्वतःकडे ओढतात. आतली पाने एकमेकांत दडलेली. तेथे वारा नाही, बाष्पोत्सर्जन नाही आणि उष्णतेने वाढ मात्र झपाट्याची. कॅल्शियम पुरत नाही आणि पानांच्या कडा मरतात. हवा दमट आणि कोंदट असली तरी परिणाम तोच, कारण मग पाण्याचा प्रवाहच मंदावतो. जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही हे घडते आणि वरून केलेली फवारणी मिटलेल्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यापेक्षा गाभ्यावर वरून खाली हवा सोडणारा पंखा अधिक कामाचा.

गंमत अशी की, रात्री हवा दमट असलेली रोमेनला उपयोगी पडते. पानांतून पाणी उडणे थांबले की मुळांच्या दाबाने ते आतल्या पानांपर्यंत चढते. पण पाने सकाळी उशिरापर्यंत ओली राहिली, तर केवडा आणि करडी बुरशी आलीच. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना केवड्याचे हे दुखणे वेगळे सांगायला नको. म्हणून उजाडताच हरितगृहाच्या बाजूचे पडदे उघडणे महत्त्वाचे.

हवा थंड करण्यासाठी हरितगृहात एका बाजूला ओले पॅड आणि समोर मोठे पंखे बसवतात. हा घरच्या कूलरचाच थोरला भाऊ, त्यामुळे त्याच्या मर्यादाही त्याच. नागपूरला मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना तो हवा २६ अंशांपर्यंत उतरवू शकतो. मुंबईच्या जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो. वर आतली हवा अधिकच दमट होते. ज्याने केवळ तापमापक पाहून ही यंत्रणा घेतली, त्याचा पावसाळा तोट्यात जातो.

सिंगापूरने यावर निराळी वाट शोधली. तेथील प्रयोगांत वरची हवा उष्णच ठेवून फक्त मुळांवर फवारले जाणारे पोषक द्रावण २० अंशांच्या आसपास थंड ठेवले गेले आणि लेट्यूस चांगले वाढले. विजेचा खर्च त्यातही आहेच. मुंबईतील हौशी बागायतदाराने निदान कुंडी तापलेल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवावी, दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा आणि लागवड नोव्हेंबर ते जानेवारीपुरती ठेवावी.

काढणीनंतर मात्र गणित पालटते. तेव्हा रोमेनला हवे असते शून्य अंश तापमान आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता. त्या स्थितीत ती सुमारे तीन आठवडे टिकते. घरच्या फ्रिजमध्ये ती ओलसर फडक्यात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवावी. शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानांच्या शिरांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात.