युद्धनौकेचा उडता पहारेकरी

कंधार वा उदगीर येथील किल्ल्याच्या बुरुजावर जो चढला असेल, त्यास उंचीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. समुद्रावरही हाच न्याय लागू पडतो. पृथ्वी गोल असल्यामुळे पंचवीस मीटर उंचीवर उभ्या असलेल्या खलाशाचे क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर संपते. तोच डोळा १,००० मीटर उंच नेला, तर ते ११३ किलोमीटरपर्यंत मागे सरते. नांदेडहून लातूर सरळ रेषेत जवळजवळ इतकेच दूर आहे! एवढ्या अंतरावरील बारीकसारीक गोष्टी दिसतील असे नव्हे. परंतु आड येणारी समुद्राची पाठ मात्र दूर होते. ड्रोन, म्हणजे मानवरहित विमान, हा असा वर पाठविलेला डोळा होय.

त्याचा उपयोग कसा होतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. ‘रुएन’ नावाचे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्येच बळकावले होते. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकेने त्यास गाठले. जहाजावर सशस्त्र चाचे आहेत, याची खात्री नौकेवरून सोडलेल्या ड्रोनने करून दिली. चाच्यांनी तो ड्रोन गोळ्या घालून पाडला. यंत्र गेले, मनुष्य गेला नाही. पुढे नौकेने त्या जहाजाचे सुकाणू निकामी केले, आणि हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे कमांडो समुद्रात उतरविण्यात आले. सुमारे ४० तासांच्या कारवाईअंती ३५ चाचे शरण आले व १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.

तथापि ड्रोन विकत घेऊन नौकेवर ठेवला म्हणजे काम झाले, असे नाही. शेतातून उडालेले यंत्र परतते तेव्हा शेत जागच्या जागी असते. नौका मात्र पुढे गेलेली असते, आणि तिचा तक्ता लाटांबरोबर खालीवर होत, दोन्ही बाजूंस झुकत असतो. नौकेवरील रडार व बिनतारी यंत्रे यांच्या लहरींनी ड्रोनच्या संदेशांत व्यत्यय येऊ शकतो. खाऱ्या हवेने धातू गंजतो. लिथियमच्या बॅटरीस आग लागली तर ती सहजी विझत नाही; म्हणून तिच्या साठवणीस स्वतंत्र, सुरक्षित जागा लागते. त्याच तक्त्यावरून हेलिकॉप्टर उडत असेल, तर दोघांच्या वेळा आणि उंची ठरवून द्याव्या लागतात.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न मनुष्याचा आहे. ड्रोनने पाठविलेले चित्र कोणी पाहावयाचे, त्याचा अर्थ कोणी लावावयाचा आणि तो कप्तानापर्यंत किती लवकर पोचवावयाचा, हे आधी ठरलेले नसेल, तर उंच गेलेला डोळाही आंधळाच. तटरक्षक दलाच्या शोधकार्यात हे विशेष जाणवते. बुडत्या कोळ्याचे डोके अफाट पाण्यात एक ठिपका असते, आणि थकलेल्या नजरेतून ठिपका निसटावयास क्षणही पुरतो.

पहारेकरी बुरुजावर असला तरी दरवाजा उघडावयाचा की लावावयाचा, हे किल्लेदारच ठरवितो. समुद्रावरील या नव्या पहारेकऱ्याची योग्यताही त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांच्या शिस्तीवरच अवलंबून राहील.