गरोदरपणातील तपासण्या : भीती किती, काळजी किती?

"दिवस गेले आहेत आणि डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. काढू का?" हा प्रश्न आपल्या मंडळातील भगिनी मला दर वर्षी विचारतात. कधी तो उलट्या बाजूने येतो : "एक्स-रे काढून झाला आणि नंतर कळले की दिवस गेले आहेत. आता काय करायचे?" मी गेली बरीच वर्षे येथील रुग्णालयात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करते. निदान करणे हे डॉक्टरांचे काम, परंतु यंत्रापाशी आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती आम्हाला आधी दिसते. म्हणून हा लेख. सांगायचे आहे ते एवढेच, की गरजेची तपासणी भीतीपोटी टाळू नये आणि बिनगरजेची तपासणी हौसेपोटी करू नये.

सगळे 'स्कॅन' सारखे नव्हेत

आपण बोलताना सर्वच तपासण्यांना सरसकट 'स्कॅन' म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. यातील तीन प्रकार नीट वेगळे करून घेऊ.

पहिला प्रकार सोनोग्राफी. येथे तिला 'उल्ट्राशाल' म्हणतात. तिच्यात किरणोत्सर्ग अजिबात नसतो. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली या तंत्रावरचा आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर कोट्यवधी बाळे या तपासणीतून गेली आहेत आणि योग्य वापराने अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र ध्वनिलहरींनी थोडी उष्णता निर्माण होते. म्हणून यंत्र आवश्यक तेवढाच वेळ चालवावे, आणि रक्तप्रवाह दाखवणारी 'डॉपलर' तपासणी पहिल्या तीन महिन्यांत विनाकारण करू नये, असा दंडक आहे.

दुसरा प्रकार एम.आर.आय. यातही क्ष-किरण नाहीत. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांचे हे काम. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १४ लाखांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत एम.आर.आय. झालेल्या मातांच्या मुलांमध्ये अपाय वाढल्याचे त्यात आढळले नाही. परंतु 'गॅडोलिनियम' हे औषध शिरेतून देऊन केलेल्या तपासणीनंतर मृत जन्म, नवजात बाळाचा मृत्यू आणि सांध्यांचे व त्वचेचे दाहक विकार यांचे प्रमाण अधिक दिसले. म्हणून साधा एम.आर.आय. चालेल, पण हे औषध अगदी नाइलाज असेल तरच घ्यावे.

तिसरा प्रकार क्ष-किरणांचा. साधा एक्स-रे आणि सी.टी. स्कॅन दोन्ही यात आले. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी याच देशात, व्युर्त्सबुर्ग येथे शोधले, म्हणून जर्मन भाषेत एक्स-रे काढण्याला त्यांच्याच नावाने 'राँटगेन' म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात हा शब्द आला की क्ष-किरणांविषयी चालले आहे हे ओळखावे.

आकडे काय सांगतात?

किरणांची मात्रा 'मिलिग्रे' या मापाने मोजतात. कोणतीही तपासणी केली नाही तरी निसर्गातील किरणोत्सर्गामुळे नऊ महिन्यांत पोटातल्या बाळाला सुमारे अर्धा ते एक मिलिग्रे मात्रा मिळतच असते. आता तपासण्यांचे पाहू. किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली गरोदरपणाविषयी स्वतंत्र पुस्तिका काढली. तिच्यात दिलेली गर्भाला पोचणारी सरासरी मात्रा अशी आहे :

छातीचा एक्स-रे : ०.०१ मिलिग्रेपेक्षा कमी
डोक्याचा सी.टी. : ०.००५ पेक्षा कमी
छातीचा सी.टी. : ०.०६
पोटाचा एक्स-रे : १.४
कमरेच्या मणक्यांचा एक्स-रे : १.७
पोटाचा सी.टी. : ८
ओटीपोटाचा सी.टी. : २५

यातून एक गोष्ट चटकन लक्षात येईल. किरण कुठे पडतात यावर सारे अवलंबून आहे. दात, हात, पाय, डोके, छाती यांच्या तपासणीत किरणांचा झोत गर्भाशयापासून दूर असतो आणि बाळापर्यंत नगण्य मात्रा पोचते. दाढ सुजून ताप आला असताना "बाळंतपणानंतर बघू" म्हणून दाताचा एक्स-रे पुढे ढकलण्यात काहीच शहाणपण नाही. त्या जंतुसंसर्गाचा त्रास अधिक.

व्यंग किंवा गर्भपात यांचा धोका १०० मिलिग्रेच्या खाली दिसून आलेला नाही, आणि वर दिलेल्या सरासरींपैकी एकही त्याच्या जवळपास नाही. आता कर्करोगाविषयी. जास्तीचे किरण न मिळालेल्या १००० मुलांपैकी सुमारे ३० मुलांत जन्मजात काही ना काही दोष असतो आणि सुमारे ३ मुलांना लहानपणी कर्करोग होतो. गर्भात १० मिलिग्रे मात्रा मिळालेल्या १००० मुलांत दोषांचा आकडा ३० च राहतो आणि कर्करोगाचा ३ वरून ४ होतो, असा आयोगाचा अंदाज आहे. वाढ अगदी थोडी आहे, पण शून्य नाही. म्हणून पोटाचा सी.टी. सहजासहजी करत नाहीत, आणि गरज असेल तेव्हा अडवूनही ठेवत नाहीत.

एक्स-रे आधी, बातमी नंतर

काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एका तरुण भगिनीचा मला रात्री उशिरा फोन आला. हिवाळ्यात बर्फावरून घसरून पडल्यामुळे तिच्या कमरेचा एक्स-रे निघाला होता आणि दहा दिवसांनी कळले की दिवस गेले आहेत. फोनवर घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले, "धोका कशाला पत्करता? तुमचे वय आहे, पुढच्या वेळी बघू." बोलणारी माणसे मायेचीच होती, पण आकडा कुणालाच ठाऊक नव्हता.

मी तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांना सांग, आणि जिथे एक्स-रे काढला तिथे गर्भाला मिळालेल्या मात्रेचा अंदाज लेखी माग. अशा वेळी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ यंत्राच्या नोंदींवरून मात्रा काढून देतात. उत्तर दोन मिलिग्रेच्या आत आले. गर्भपाताचा विषय तिथेच संपला. तो मुलगा आता शाळेत जातो.

हा प्रसंग एकट्या तिचा नाही. १९८६ साली चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हा ग्रीसमध्ये बाळाला पोचू शकणारी मात्रा अत्यल्प होती. तरीही भीतीपोटी सुमारे २५०० हव्याशा गर्भांचा पात केला गेला, असा अंदाज तेथील संशोधकांनी १९८७ साली मांडला. म्हणूनच आंतरराष्ट्रीय आयोगाने स्पष्ट लिहून ठेवले आहे की १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा हे गर्भपाताचे कारण मानू नये.

टाळण्यातला धोका

गरोदरपणात रक्ताची गुठळी होण्याचा संभव चार-पाच पटींनी वाढतो. पायातली गुठळी फुप्फुसात गेली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे, एकच पाय सुजणे ही लक्षणे विशेषतः लांबच्या विमानप्रवासानंतर दिसली तर अंगावर काढू नका, ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. निदानासाठी छातीचा सी.टी. लागला तर गर्भाला मिळणारी मात्रा एक मिलिग्रेहूनही कमी असते. अशा वेळी "बाळासाठी नको" म्हणणे बाळाच्याच हिताचे नाही. आंत्रपुच्छाच्या दुखण्याचेही तेच. आधी सोनोग्राफी, त्यातून उलगडा झाला नाही तर एम.आर.आय., आणि तोही वेळेवर मिळत नसेल तर सी.टी., असा क्रम असतो. आंत्रपुच्छ फुटण्याची वाट पाहणे सर्वांत घातक.

एक तपासणी-उपचार असा आहे ज्याला गरोदरपणी साफ नकार द्यावा लागतो : थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सर्गी आयोडीन-१३१. ते बाळाच्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसते.

पोटावर शिशाचा एप्रन न घातल्यामुळे काहीजणी घाबरतात. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ साली तो नेहमी वापरणे थांबवावे असे सुचवले. बाळापर्यंत जी अल्प मात्रा पोचते ती बहुतांशी आईच्याच शरीरातून विखरून येते आणि एप्रन ती अडवू शकत नाही. तेव्हा एप्रन दिला नाही तर तो हलगर्जीपणा समजू नये.

जर्मनीतील नियम आणि खर्च

जर्मनीने १९७९ साली गरोदर स्त्रियांच्या नियमित तपासणीत सोनोग्राफीचा समावेश केला आणि १९९५ पासून अशा तीन सोनोग्राफी होतात : ९ ते १२, १९ ते २२ आणि २९ ते ३२ या आठवड्यांत. सरकारी पद्धतीच्या क्रांकेनकासेमध्ये विमा असेल तर या तिन्हींचा खर्च कासे देते. दुसऱ्या वेळी साधी की अधिक तपशिलाची, हे २०१३ पासून आपण निवडू शकतो. दोन्ही विनामूल्य आहेत. काही दोषाची शंका आली तर पुढच्या तपासण्यांचा खर्चही कासेकडेच असतो.

याहून अधिक सोनोग्राफी सुचवली गेली तर एकच प्रश्न विचारावा : "ही वैद्यकीय गरज आहे की 'ईगेल'?" ईगेल म्हणजे स्वखर्चाची सेवा. तिचा अंदाजे खर्च आधी लेखी कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी कागद घरी आणून वाचायला हरकत नाही. केवळ आठवण म्हणून बाळाची चित्रफीत काढून देणारी 'बेबी-टीव्ही'ची हौस २०२१ च्या प्रारंभापासून कायद्यानेच बंद झाली आहे. वैद्यकीय कारणाविना गर्भावर ध्वनिलहरी सोडता येत नाहीत.

एक्स-रेपूर्वी प्रत्येक प्रजननक्षम स्त्रीला "गरोदर आहात का, असण्याची शक्यता आहे का?" असे विचारणे हे इथे कायद्याने बंधनकारक आहे. येथे आमची खरी अडचण होते. नव्याने आलेल्या मुलीला भाषा येत नाही, तिच्या वतीने नवरा किंवा सोबत आलेल्या सासूबाई "नाही" म्हणून टाकतात, आणि तिला मात्र मनातून शंका असते. अशा वेळी दोन वाक्ये पाठ असावीत. "इश बिन श्वांगर", म्हणजे मी गरोदर आहे. आणि "इश क्योन्टे श्वांगर झाइन", म्हणजे मी गरोदर असू शकते. हवे तर एकटीने आत जाऊन सांगावे. ते खोलीबाहेर जात नाही.

बाळंतपणासाठी माहेरी जाताना

मुटरपास ही पुस्तिका सोबत न्यावी आणि ती जर्मन भाषेत असल्याने डॉक्टरांकडून इंग्रजीत सारांश लिहून घ्यावा. जर्मनीत बारावा आठवडा उलटल्यावर आईच्या संमतीने बाळ मुलगा की मुलगी हे सांगता येते. भारतात मात्र ते कधीच सांगता येत नाही. महाराष्ट्राने यासाठी १९८८ साली देशात प्रथम कायदा केला आणि देशव्यापी कायदा १९९४ चा असून तो १९९६ पासून लागू आहे. तेथे सोनोग्राफीपूर्वी अर्ज भरावा लागतो, ओळखपत्र मागतात. "आम्ही परदेशातून आलोय, आम्हाला सांगायला काय हरकत?" असा आग्रह कुणी धरू नये. सांगणाऱ्याइतकाच विचारणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

थोडक्यात

१. पाळी चुकली असेल किंवा शंका असेल, तर तपासणीपूर्वी न विचारताही सांगा.
२. तीन प्रश्न विचारा : या तपासणीने उपचारात काय बदल होईल? किरणांविना दुसरी तपासणी चालेल का? बाळंतपणापर्यंत थांबता येईल का?
३. उत्तरे ऐकून डॉक्टर "आताच हवी" म्हणत असतील तर ती करून घ्या.
४. तपासणीची तारीख, शरीराचा भाग आणि अहवालाची नक्कल मुटरपाससोबत जपून ठेवा.
५. नकळत एक्स-रे निघाला असेल तर मात्रेचा आकडा हाती येईपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नका.
६. दवाखाना बंद असताना तातडी नसलेल्या शंकेसाठी ११६११७, आणि जिवावरच्या प्रसंगी ११२.

प्रत्येकीची प्रकृती वेगळी असते, त्यामुळे शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचाच. त्यांच्याकडे जाताना हे सहा मुद्दे एका कागदावर लिहून सोबत न्यावेत, म्हणजे घाईगर्दीत विचारायचे राहून जात नाही.