नवा कार्बोरेटर आणि अस्थिर इंजिन

आमच्या वसतिगृहाची जुनी मारुती 800 म्हणजे रात्री-अपरात्री आजारी विद्यार्थ्यास दवाखान्यात पोहोचविणारा एकमेव आधार. तिला नवा कार्बोरेटर बसविला आणि विंचूरच्या तीनपाटीवर वेग कमी करताच ती बंद पडू लागली. आम्ही लगेच मिश्चर स्क्रू फिरवू लागलो. ही घाई चुकीची होती.

गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. इंजिनला स्लो जेटमधून अत्यल्प पेट्रोल मिळते; तेथे थोडी जरी जादा हवा शिरली, तरी मिश्रण बिघडते. म्हणून प्रथम हवेची गळती शोधावी. कार्बोरेटरखालील पॅकिंग व रबरी नळ्या तपासाव्यात. चालू इंजिनच्या सांध्यांवर साबणाचे पाणी थेंबथेंब सोडावे. आवाज बदलला तर गळती तेथेच. त्यासाठी पेट्रोल मात्र कदापि वापरू नये. आगीचा धोका असतो.

त्यानंतर इंजिन तापल्यावर चोक पूर्ण उघडतो का, ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली तर नाही ना, हे पाहावे. टाकीतील गाळाने नवा स्लो जेटही तुंबतो. म्हणून पेट्रोल फिल्टर बदलावा. मिश्चर स्क्रू सर्वांत शेवटी, गरम इंजिनवर जुळवावा आणि मग आयडलिंगचा वेग गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा.

आमच्या गाडीत नव्या कार्बोरेटरची एक नळी जोडायचीच राहून गेली होती. ती जोडताच इंजिन शांत झाले. कारण न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे दुसरा बिघाडच, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.