वायसरभर अंतर

सकाळी ६. महाशिवरात्रीला आठ दिवस उरलेत. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते. यात्रेला चंद्रपूरच्या काठावरून लोक नावेनंही येतात. त्यातलीच एक नाव आज वाळूवर ओढून ठेवलीय.

७. नाव लोखंडी पत्र्याची, इंजिनाचा ब्रॅकेट अॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेसचे. बोल्टाभोवती पांढरी भुकटी जमलीय. नखानं खरवडली, तर खाली खड्डा.

"पाण्यानं खाल्लं जी," नावाडी म्हणाला.

"पाण्यानं नुसती वाट दिली. खाल्लं शेजाऱ्यानं."

९. बोल्टांवर तेल सोडलं. मुरेपर्यंत त्याला सांगितलं : दोन वेगळे धातू टेकले आणि मधे ओल राहिली, की टॉर्चच्या सेलसारखा सेल तयार होतो. मॅग्नेशियम, जस्त, अॅल्युमिनियम, लोखंड, पितळ, स्टेनलेस अशी ही रांग. जोडीत जो पुढचा, तो झिजतो. समुद्राचं पाणी नदीच्या सुमारे शंभरपट वीज वाहतं. नदीत झीज संथ, पण ती सांध्यालाच धरून बसते.

११. बोल्ट निघाले. बोल्ट नवेकोरे, भोकं मात्र लंबगोल.

१. भात, लाखोळीचं वरण. जेवताना जुनी गोष्ट निघाली. ब्रिटिश आरमारानं 1761 मध्ये 'अलार्म' जहाजाचा तळ तांब्यानं मढवला. दोनेक वर्षांनी पाहिलं, तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे सडलेले. जिथं पत्र्याचा वेष्टणाचा तपकिरी कागद मधे राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत!

२:३०. नावाड्यानं कोकणातल्या पाहुण्याकडून जस्ताची वडी आणलीय, नावेच्या बुडाला लावायला. तिनं झिजायचं आणि पत्रा वाचवायचा. पण गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो, ते सुस्त पडतं. इथं मॅग्नेशियम हवं. वडी त्यानं गुपचूप पिशवीत टाकली.

४. ब्रॅकेट सरकवून नवी भोकं पाडली. प्रत्येक बोल्टावर नायलॉनची नळी, दोन्हीकडे नायलॉनचे वायसर, त्यांवर स्टीलचे. ब्रॅकेट आणि पत्र्याच्या मधे नायलॉनचीच पट्टी. नावाडी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊन आला होता. परत दिले. काळ्या रबरात काजळी असते, तीही वीज वाहू शकते.

५:३०. मल्टिमीटरचं एक टोक बोल्टाला, दुसरं ब्रॅकेटला. आवाज नाही. एकेक करून चारही बोल्ट तपासले.

"मीटर बिघडलं काय जी?"

मी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. बीप वाजला. नावाडी हसला आणि नावेला खांदा लावायला उठला.