तपकिरी सलाईनमधले लोखंड

गोळ्या सोसत नाहीत म्हणून डॉक्टरांनी गरोदर सुनेला लोहाचे सलाईन लिहून दिले, की घरात कुजबूज सुरू होते. बाटलीतले पाणी तपकिरी दिसते. "शिरेतून लोखंड? बाळाला बाधणार तर नाही ना?"

शंका रास्त आहे. साधा लोहक्षार शिरेतून दिला तर मोकळे लोह रक्तात उतरून विषारी ठरते. म्हणून सलाईनमधले लोह अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असते. लोहक्षारात अल्कली मिसळली की गंजासारखा साका तयार होतो. त्याच्या कणांवर साखरेचे वेष्टन चढवले की आयर्न सुक्रोज होते. हे कण काही नॅनोमीटर आकाराचे असतात. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग! यकृत व प्लीहेतील पेशी हे कण गिळतात आणि लोह हळूहळू सोडतात.

यात नवल नाही. निसर्गाने ही युक्ती आधीच केली आहे. १९३७ साली लाउफबेर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून फेरिटिन हे प्रथिन वेगळे काढले. ही जणू पोकळ कोठी. तिचा व्यास १२ नॅनोमीटर, पण आत लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात. आपल्या शरीरातला लोहाचा साठा असाच असतो. चिखलातले काही जिवाणू तर मॅग्नेटाइटचे कण स्वतःच घडवून त्यांचा होकायंत्रासारखा उपयोग करतात. खाडीपलीकडे पवईच्या आय.आय.टी.त धीरेंद्र बहादूर यांनी अशाच चुंबकी कणांनी कर्करोगाची गाठ तापवण्यावर संशोधन केले. तो विषय निराळा.

आपल्याकडचा मोठा प्रश्न रक्तपांढरीचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत ती आढळली. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तपांढरी समजावी. ७ च्या खाली गेले तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो.

तरीही पहिला उपाय गोळीच. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. गोळी खरोखरच सोसत नसेल, किंवा दिवस भरत आले आणि रक्त फारच कमी असेल, तर सलाईन. पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत, तेही रुग्णालयातच. क्वचित रिअ‍ॅक्शन येते, म्हणून घरी कंपाउंडरला बोलावून लावून घेणे हा शुद्ध अविचार.

आणखी एक. थॅलेसेमिया मायनर असणाऱ्यांचेही हिमोग्लोबिन कमीच दिसते, पण लोह पुरेसे असू शकते. त्यांना जादा लोह अपायकारक. त्यामुळे आधी रक्ताची नीट तपासणी हवी. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ऐरोलीकरांनी त्या दिवशी जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत.