पाणी डोळ्यातलं, अडथळा नाकातला

मोतीबिंदूच्या तपासणीला आलेल्या आजींच्या डोळ्याच्या कोपऱ्याखाली, नाकाच्या मुळाशी, डॉक्टर बोटाने हलकेच दाबतात. पापणीच्या कडेतून पिवळट पू वर येतो.

"पाणी कधीपासून येतंय, आजी?"

"झाली की तीन-चार वर्षं. वयानं येतं म्हणतात."

पदराचं टोक टिपून टिपून कडक झालेलं असतं. त्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन होत नाही, आणि ते होत नाही हेच योग्य.

पू आला ती वाट आपल्यालाही दिसते. आरशासमोर खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित बाहेर ओढा. कडेवर इवलासा उंचवटा आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. व्यास जेमतेम ०.३ मिलिमीटर. वरच्या पापणीलाही असंच एक असतं. डोळ्याच्या वर, कानाकडच्या बाजूला असलेली ग्रंथी अश्रू तयार करते. ते वाहून जातात या छिद्रांतून. पुढची नलिका सुमारे २ मिलिमीटर उभी उतरते, मग वळून ८ मिलिमीटर आडवी जाते आणि अश्रुपिशवीत उघडते. पिशवीतून हाडाच्या बोगद्यातली नळी थेट नाकात. डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशाशी येते ती याच वाटेने. पापणीची प्रत्येक उघडझाप हे पाणी पिशवीकडे ढकलते. इतकं नेटकं काम, आणि त्याची जाणीवही होत नाही!

नाकाकडची नळी आक्रसली की मोरी तुंबावी तसं होतं. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पिशवी सुजून राहते. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे जास्त आढळतं. त्यांच्यात हाडाचा बोगदा अरुंद असणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. या जुनाट सुजेत सहसा दुखत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. अचानक जंतुसंसर्ग भडकला तर मात्र कोपरा लाल होऊन ठणकतो, कधी गळू फुटून नासूर होतो.

खरा धोका डोळ्यालाच आहे. कापणीत कुसळ लागून बुबुळावर ओरखडा आला, तर शेजारी पुवाचा साठा तयारच असतो. मोतीबिंदूच्या छेदातून तेच जंतू आत शिरले, तर दृष्टी जाऊ शकते.

थेंबांनी पू तात्पुरता कमी होतो, अडथळा तसाच राहतो. १९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी वेगळी वाट काढली: बंद नळीच्या मागे न लागता मधलं पातळ हाड काढून पिशवी सरळ नाकात उघडायची. आजचं 'डीसीआर' हे ऑपरेशन त्याच कल्पनेवर उभं आहे. ते बाहेरून छोटा छेद घेऊन होतं किंवा दुर्बिणीने नाकातून. नाकातून केलं तर चेहऱ्यावर व्रणही राहत नाही.

तान्ह्या बाळाच्या डोळ्याला पाणी येत असेल तर घाबरू नका. नळीच्या नाकाकडच्या टोकाचा पडदा जन्मतः उघडलेला नसतो. बहुतेकांचा तो वर्षभरात उघडतो. कोपऱ्यातून खाली दाबत मालिश कशी करायची, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. काजळाने ही वाट उघडत नाही.

आजींचं डीसीआर झालं. काही आठवड्यांनी डॉक्टर बोथट सुईने छिद्रातून मिठाचं पाणी सोडतात. पहिल्या वेळी ते पुवासकट उलटून गालावर आलं होतं.

"घशात काही लागतंय का, आजी?"

"खारट लागतंय."

आता मोतीबिंदूची तारीख मिळते.